आपल्या आधी इथे कोण झोपलं होतं?

"एक बाटली भरायला किती वेळ लागतो गं?" मेजरने तंबूतून डोकं बाहेर काढून विचारलं.

"मला काय विचारतेस, ओढ्याला विचार," शंका म्हणाली. ती वाळूत पालथी पडून करंगळीएवढ्या धारेखाली बाटली धरून होती. "माझा हात अवघडला, पण बाटली अर्धीसुद्धा भरली नाही."

"मामाच्या वहीत लिहिलंय, ओढा गुडघाभर, बारमाही," फूटपट्टी म्हणाला. वही त्याच्या मांडीवर उघडी होती. "गुडघा कुणाचा ते लिहिलेलं नाही. मुंगीचा असेल."

एरवी या विनोदावर तिघंही हसली असती. आज कुणी हसलं नाही. आत तंबूत मामा कण्हत होता.

मेजर तेरा वर्षांची. घरातल्या सगळ्या मुलांमध्ये थोरली, त्यामुळे हुकूम सोडायची सवय. फूटपट्टी आणि शंका ही तिची मावसभावंडं. फूटपट्टी बारा वर्षांचा, उंच नि काटकुळा, आणि दिसेल ती वस्तू मोजणारा. शंका दहा वर्षांची. तिला जन्मल्यापासून प्रश्न पडत आले आहेत, आणि ते तिने एकदाही मनात ठेवले नाहीत. पाहुण्यांकडे नेताना तिची आई तिला घराबाहेर पडण्याआधीच बजावायची, "तिथे काही विचारायचं नाही." त्यावर शंका विचारायची, "का?"

आणि मामा म्हणजे तिघांचाही एकुलता एक मामा. धंद्याने जमिनीची मोजणी करणारा, आवडीने डोंगर तुडवणारा. दर सुट्टीत तो भाच्यांना उंचावरच्या तळ्यांकडे आणि कुरणांकडे घेऊन जायचा. पाठीवर बॅग, बॅगेत तंबू, आणि रोज नव्या जागी मुक्काम. त्याचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. मुक्कामाच्या जागी पोचलं की बॅग लगेच उतरवायची नाही. आधी तीन प्रश्न. पाणी कुठून येतं? वारा कुठून येतो? आणि आपल्या आधी इथे कोण झोपलं होतं? तिन्हींची उत्तरं मिळाली की मामा म्हणायचा, "उतरवा." तोवर खांदे मोडून आले तरी बॅग पाठीवरच. तिसरा प्रश्न मुलांचा लाडका होता. कधी उत्तर ससा असे, कधी मेंढ्या, आणि एकदा तर कुणीतरी विसरून गेलेला एक भोकाचा मोजा.

काल मात्र सगळंच बिघडलं होतं. खिंडीतून उतरताना मामाच्या पायाखालची खडी सरकली आणि तो बॅगेसकट वीस फूट खाली घसरत गेला. उजव्या नडगीचं हाड मोडलं. दोन काठ्या आणि दोरी घेऊन पाय कसा बांधायचा, हे दात आवळून त्यानेच सांगितलं आणि मेजरने बांधला. मग त्याला ताडपत्रीवर घेऊन तिघांनी उतारावरून ओढत आणलं. तासाभरात तिघांच्या नाकी नऊ आले. धुकं उतरलं, उजेड संपत आला, आणि तेवढ्यात हे कुरण लागलं. सपाट, वाऱ्यापासून आडोशाचं, गादीसारखं मऊ गवत.

"इथेच," मेजर म्हणाली, आणि तिघांनी धाडकन बॅगा टाकल्या. प्रश्न कुणी विचारले नाहीत. विचारणारा ताडपत्रीवर डोळे मिटून पडला होता.

"झाली का भरून?" मेजरने पुन्हा विचारलं. "मामाला गोळी द्यायचीय."

"झाली. पण हे बघ ना." शंकाने बाटली उजेडात धरली. पाणी चहासारखं तांबूस होतं. "मी उठले तेव्हा हे स्वच्छ होतं. त्याने मी दात घासले. पाऊस पडला का?"

"आभाळात ढगाचा ठिपकाही नाही."

"मग वर कुणी म्हैस धुतेय का?"

"मोठा बर्फाचा डोंगर आहे वर," फूटपट्टी विचार करत म्हणाला. "ऊन चांगलं तापलंय. बर्फ वितळतोय. म्हणजे ओढा भरून वाहायला हवा. हा आटतोय, आणि वरून गढूळही होतोय. कुठेतरी घोडं पेंड खातंय."

"घोडं राहू दे," मेजर म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. रात्रभर ती मामाच्या उशाशी बसून होती. त्याचं कपाळ आता तापलं होतं आणि मोडलेल्या पायाची बोटं निळसर दिसू लागली होती. फोनला रेंज नव्हती. "काल खिंडीतून वर तळ्याच्या काठी नारिंगी झेंडा दिसला होता. कसला तरी कॅम्प आहे. तुम्ही दोघं जा आणि माणसं घेऊन या. मी मामाजवळ थांबते. पळू नका, पण रमूही नका. आणि शंके, तिथल्या लोकांना डोकं उठेपर्यंत प्रश्न विचारत बसू नकोस."

"का?" असं शंकाच्या ओठांवर आलं होतं, पण मेजरचे डोळे भरलेले पाहून तिने ते गिळलं.

ओढ्याच्या जवळजवळ कोरड्या पात्रातूनच वर जाणारी वाट सोपी होती. तासाभरात दोघं तळ्याशी पोचली आणि जागच्या जागी उभी राहिली.

तळ्यातून ओढा जिथे बाहेर पडतो, तिथे भिंत होती. वाळूची पोती एकावर एक रचलेली, मध्ये दगड आणि ओंडके, आणि आतल्या अंगाने निळं प्लास्टिक अंथरलेलं. पुरुषभर उंच आणि वीस पावलं लांब. भिंतीमागे तळं काठोकाठ भरलं होतं. काठावरची झुडपं गळ्यापर्यंत पाण्यात बुडाली होती. बसायला ठेवलेल्या लाकडी बाकाची फक्त पाठ वर दिसत होती. पाण्यावर रबराच्या लाल नावा तरंगत होत्या आणि नावांत बसलेली मोठी माणसं एकमेकांवर पाणी उडवत होती.

"हा बघ आपला ओढा," फूटपट्टी म्हणाला. "इथे कोंडून ठेवलाय."

शंका भिंतीच्या खालच्या बाजूला वाकली होती. तळाच्या दोन पोत्यांमधून पाण्याची धार निघत होती. ती तांबडी होती. धारेबरोबर बारीक बारीक वाळू बाहेर येत होती आणि खाली तिचा छोटा ढीग साठला होता.

"दादा, पोत्यांतली वाळू बाहेर चाललीये. मग आत काय उरेल?"

फूटपट्टी आधीच कामाला लागला होता. त्याने खिशातून चाकू काढला, एका काठीवर बोटाबोटाच्या अंतराने खुणा केल्या आणि काठी पाण्याच्या काठाला रोवली. मग दोघं नारिंगी झेंड्याकडे पळाली.

झेंड्याखाली एक मोठा फलक होता. त्यावर नावेत बसण्याचे बावीस नियम लिहिले होते. फलकाशेजारी खुर्ची, खुर्चीत कॅम्पचे चालक. डोक्यावर मोठी टोपी, गळ्यात शिट्टी. मुलांनी मनात त्यांचं नाव शिट्टीकाका ठेवून टाकलं.

"काका, आमच्या मामाचा पाय मोडलाय," फूटपट्टी धापा टाकत म्हणाला. "तो खाली कुरणात आहे. त्याला उचलून आणायला माणसं हवीत. आत्ताच."

"अरे अरे अरे," शिट्टीकाका म्हणाले. मनाने ते वाईट नव्हते. त्यांनी दोघांना बिस्किटं दिली. "माझी दोन माणसं शिधा आणायला खाली गावात गेलीयेत. संध्याकाळी येतील. आली की लगेच पाठवतो. पाय मोडला म्हणजे माणूस पळून तर जात नाही."

"पण ती भिंत," शंका म्हणाली. "ती तुम्ही बांधलीत?"

"हो तर. आठ दिवस झाले. पाणी उथळ होतं, नावा तळाला घासायच्या. पाहुण्यांची तक्रार. म्हटलं, जरा अडवू. आता बघ, कसं छान डुंबताहेत."

"त्यातून गढूळ पाणी का येतंय?"

"नवीन भिंत आहे बाळ, थोडं झिरपायचंच."

"आणि ती फुटली तर?"

"नाही फुटत."

"पण फुटली तर पाणी कुठून जाईल?"

शिट्टीकाकांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, पाहुणे सुट्टीला आलेत. त्यांच्यापुढे फुटणं-बिटणं बोलायचं नाही. बिस्किटं खा आणि इथे सावलीत बसा. मी बघतो संध्याकाळी."

दोघं काठीपाशी परत आली. फूटपट्टीने घड्याळ पाहिलं, खुणा पाहिल्या आणि त्याचा चेहरा उतरला.

"अर्ध्या तासात एक बोट वर आलंय. भिंतीचा माथा पाच बोटं राहिला. ऊन वाढेल तसं पाणी आणखी जोरात वाढेल. दोन तास, शंके. फार तर दोन तास. तळाची वाळू अशीच गेली तर तेवढेही नाहीत."

"मग आपणच भिंतीला भोक पाडू. हळूहळू जाईल पाणी."

"हळूहळू जाणार नाही. एक पोतं हललं की सगळी येईल. आणि खाली कोण आहे?"

खाली मेजर होती आणि मोडका पाय घेऊन पडलेला मामा होता. धावत जाऊन सांगितलं तरी तिघं मिळून त्याला त्या उभ्या काठावर चढवू शकत नव्हती. काल उतारावरून ओढतानाच जीव गेला होता. इथे वर बारा-पंधरा धडधाकट माणसं होती आणि ती एकमेकांवर पाणी उडवत होती. फूटपट्टी मटकन खाली बसला. तो आयुष्यात पहिल्यांदा काहीही मोजत नव्हता. त्याला नुसतं रडू येत होतं.

"दादा," शंका म्हणाली, "मेजरने प्रश्न विचारायचे नाहीत असं सांगितलंय. पण ते डोकं उठेपर्यंत. थोडं आधी थांबले तर?"

फूटपट्टीने तिच्याकडे पाहिलं. मग डोळे पुसले. "नाही. चांगलं डोकं उठेपर्यंत विचार. ओरडून सांगितलं तर काका पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेतील. शिट्टीकाकांना मी अडकवून ठेवतो."

दुपारच्या जेवणासाठी नावा काठाला लागत होत्या. फूटपट्टी सरळ फलकापाशी गेला आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणाला, "काका, संध्याकाळपर्यंत थांबायचंच आहे तर आम्हालाही नावेत बसता येईल का? हे नियम नीट समजावून सांगाल?"

नियम समजावून मागणारा मुलगा शिट्टीकाकांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. त्यांनी टोपी सारखी केली, फलकावर काठी टेकवली आणि नियम क्रमांक एकपासून सुरुवात केली. फूटपट्टी प्रत्येक नियमाला दोनदा मान डोलवत होता आणि आतून जळत होता. एक नियम म्हणजे दीड मिनिट. बावीस नियम म्हणजे तेहतीस मिनिटं. इतका वेळ नव्हता. त्याने मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं तर काका पण बघतील.

इकडे शंका जेवणाच्या चटईवर एकेकाच्या पुढ्यात जाऊन उभी राहत होती.

"काकू, ते बाक पाण्यात का ठेवलंय?"

"अगं बाई, खरंच की. काल तर आम्ही त्यावर बसलो होतो."

"ताई, तुमची नाव झुडपाच्या शेंड्याला का घासते?"

"आजोबा, ओढा कोंडला की त्याला राग येतो का?"

"काका, पोत्यांतली वाळू संपली की पोती कशावर उभी राहतात?"

हा शेवटचा प्रश्न ज्यांना विचारला, ते होते एक जाडजूड गृहस्थ. धंद्याने प्लंबर. वर्षभर लोकांच्या घरातली गळती काढून काढून कंटाळले होते आणि आठ दिवस पाण्याचा थेंब न बघता आराम करायचा म्हणून, कुणास ठाऊक कसे, तळ्यावर आले होते. त्यांनी हातातला बटाटा खाली ठेवला.

"कुठल्या पोत्यांतली वाळू?"

"भिंतीच्या. गढूळ पाण्याबरोबर बाहेर येतेय."

"सकाळपासून गढूळ?"

"सकाळी दात घासले तेव्हा स्वच्छ होतं. नंतर झालं."

प्लंबरकाका उठले. भिंतीखाली गेले. धारेत हात धरला, बोटांवर आलेली वाळू अंगठ्याने चोळली. करंगळीएवढी धार आता मनगटाएवढी झाली होती. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा सुट्टीचा रंग उडाला होता.

"गळती स्वच्छ असते तोवर माणसाने जेवून घ्यावं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गढूळ झाली की पाणी आतून घर खात असतं. ही भिंत जाणार. खाली कोण आहे?"

"माझा मामा," शंका म्हणाली आणि आता मात्र तिचा बांध फुटला. "त्याचा पाय मोडलाय. आणि मेजर आहे. ती त्याला सोडून येणार नाही."

ती खरंच सोडून जाणार नव्हती. त्याच वेळी खाली कुरणात मेजर मामाला ताडपत्रीवर घेऊन ओढत होती.

झालं होतं असं. भावंडं गेल्यावर तिने वेळ जावा म्हणून मामाची वही हातात घेतली. सकाळी फूटपट्टीने एकच पान वाचलं होतं. तिने ते उलटलं. मागच्या बाजूला मामाचं बारीक अक्षर होतं आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. "मुक्काम इथे नाही. वरच्या उंचवट्यावर."

मेजर बाहेर आली. काल संध्याकाळी जे दिसलं नव्हतं ते आता उन्हात लख्ख दिसत होतं. कुरणातलं सगळं गवत एकाच दिशेला आडवं झोपलेलं होतं. झुडपांच्या फांद्यांत कमरेच्या उंचीवर सुकलेला काडीकचरा अडकला होता. दगड धुवून पुसल्यासारखे गुळगुळीत होते. वाळूतली तांबडी धार आता तळहाताएवढी रुंद झाली होती. आपल्या आधी इथे कोण झोपलं होतं, याचं उत्तर तिच्या समोर पसरलं होतं. इथे ओढा झोपतो. तो आत्ता कुठे गेलाय ते तिला माहीत नव्हतं, पण तो परत येणार हे कळायला मोठी अक्कल लागत नव्हती.

"मामा, ऊठ. आपल्याला वर जायचंय."

मामाने डोळे उघडले. आजूबाजूला बघितलं. मोजणीच्या माणसाला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"तीन प्रश्न विचारले होते का काल?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," मेजर म्हणाली. "मीच म्हटलं, इथेच. माझी चूक आहे."

"बरं. ते नंतर. आता तू त्या काठावर चढ. एकटी."

"नाही."

"माझी आज्ञा आहे."

"मेजर मी आहे," ती म्हणाली. "इथे आज्ञा मी देते."

तिने ताडपत्री ओढली. दोन हात पुढे, मग दम. दोन हात पुढे, मग दम. प्रत्येक हिसक्याला मामाच्या तोंडून आवाज निघत होता, आणि तो आवाज निघू नये म्हणून त्याने टोपी तोंडात धरली होती. मेजरचे तळवे सोलले. कुरण संपून काठाचा चढ लागला तेव्हा ताडपत्री अडली ती हलेनाच. तिने मागून ढकललं, पुढून ओढलं, पाय रोवले, घसरली, पुन्हा उठली. ताडपत्री एक वीतही वर जाईना. उंचवटा फक्त चाळीस पावलांवर होता.

"जा गं राणी," मामा म्हणाला. आता तो आज्ञा देत नव्हता, विनवत होता. "तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

मेजर त्याच्याशेजारी बसली आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तिला फार भीती वाटत होती. पण उठून जाणं तिला जमत नव्हतं. काल तिनेच जागा निवडली होती. निवडणाऱ्याने आधी निघून जायचं, असं मामाने कधी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात वरून दगड गडगडले आणि ओढ्याच्या काठाकाठाने एक लाल नाव धावत येताना दिसली.

नाव खरंच धावत होती, कारण तिच्याखाली बारा पाय होते. रबराच्या नावेला दोन्ही बाजूंनी दोऱ्या असतात. त्या धरून सहा माणसं तिला डोक्यावर घेऊन पळत होती. सर्वांत पुढे प्लंबरकाका, आणि त्यांच्याही पुढे शंका वाट दाखवत होती.

"मेजर!" फूटपट्टी मागून ओरडला. "स्ट्रेचर आणलंय!"

मामाला उचलून नावेत ठेवायला जेमतेम एक मिनिट लागलं. "सगळ्यांनी एकदम," प्लंबरकाका म्हणाले. "आणि कुणी घसरलं तरी दोरी सोडायची नाही." सहा माणसं आणि तीन मुलं चढाला लागली. दहा पावलं. वीस. प्लंबरकाकांचा श्वास भात्यासारखा वाजत होता. तीस पावलं झाली आणि वरून शिट्टी ऐकू आली. एक, दोन, तीन, मग सलग, न थांबता.

ती शिट्टीकाकांची होती. नियम क्रमांक अकराच्या मध्यावर त्यांना कळलं होतं की चटईवरचे सगळे पाहुणे जेवण सोडून उठून गेलेत. ते रागावून भिंतीपाशी गेले आणि भिंतीचं पोट पुढे आलेलं बघून त्यांची बोबडीच वळली. "तुम्ही बाजूच्या कड्यावर उभे राहा," प्लंबरकाकांनी निघताना त्यांना सांगितलं होतं. "उरलेल्यांना पाण्याजवळ फिरकू देऊ नका. आणि भिंत हलली की शिट्टी फुंका. तेवढं तरी करा." तेवढं मात्र त्यांनी प्राण फुंकून केलं.

"चला!" मेजर किंचाळली.

शेवटची दहा पावलं कुणी कशी टाकली ते नंतर कुणालाच आठवेना. नाव उंचवट्यावर टेकली आणि खालून जमीन थरथरली. मग पाणी आलं. ते पाण्यासारखं दिसत नव्हतं. चिखल, दगड, ओंडके, निळं प्लास्टिक, सगळं एकत्र उभं राहून येत होतं. मुलांचा तंबू एकदा फुगला आणि दिसेनासा झाला. काल रात्री जिथे मामाचं डोकं होतं तिथे एक कपाटाएवढा दगड येऊन थांबला, जरा डुगडुगला आणि पुढे निघून गेला.

मेजर हमसून हमसून रडत होती आणि मामा तिच्या पाठीवरून हात फिरवत होता.

अर्ध्या तासाने पाणी ओसरलं. मधोमध ओढा वाहू लागला, अगदी वहीत लिहिल्याप्रमाणे गुडघाभर. फूटपट्टीने उतरून आपल्या गुडघ्याला लावून बघितला तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

नाव घेऊन धावलेल्या सहांत प्लंबरकाकांची बायकोही होती, तिने मामाचा पाय नीट बांधला. डॉक्टर आणि उचलणारी माणसं आणायला दोन तरुण खाली गावाकडे पळाले. मग वरून बाकीचे पाहुणे सामान घेऊन उतरले, आणि सगळ्यांच्या मागून टोपी हातात घेतलेले शिट्टीकाका.

ते मामाच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. "मी नावांचा विचार केला," ते म्हणाले. "पाण्याचा केला नाही. या पोरीने मला सरळ विचारलं, पाणी कुठून जाईल. मी तिला बिस्किट दिलं." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. "गावात जाऊन हे सगळं मीच सांगेन. पुन्हा ओढ्याला हात लावणार नाही."

"माझ्या हाताखाली चार माणसं आहेत," प्लंबरकाका शंकाकडे बघत म्हणाले. "चौघांना मिळून हिच्याएवढे प्रश्न पडत नाहीत. म्हणून तर लोकांची घरं गळतात."

"म्हणजे मी पाहुण्यांकडे विचारलं तर चालेल?" शंकाने विचारलं.

"चालेल," मामा म्हणाला. "तुझ्या आईला मी सांगतो. आणि काठीवर खुणा करणाऱ्याला मोजणीच्या कामावर नेईन म्हणतो. मापाची साखळी धरायला."

फूटपट्टी कानापर्यंत लाल झाला.

मेजर बाजूला बसली होती. मामाने तिला हाक मारली आणि वही पुढे केली. या वहीत आजवर मामाशिवाय कुणाचं अक्षर उमटलं नव्हतं. "लिही," तो म्हणाला.

तिने बराच वेळ विचार केला आणि त्याच्या दोन रेघांखाली लिहिलं, "मी इथे मुक्काम केला. प्रश्न न विचारता. इथे ओढा झोपतो." मामाने ते वाचलं, पेन्सिल घेतली आणि पुढे भर घातली, "आणि तिने मला एकट्याला सोडलं नाही."

ऊन उतरू लागलं होतं. उचलणारी माणसं यायला अजून वेळ होता, तोवर सगळ्यांनाच कुठेतरी टेकायला हवं होतं. शिट्टीकाका, प्लंबरकाका, पाहुणे, सगळे पाठीवर बॅगा घेऊन उंचवट्यावर उभे होते. कुणीतरी बॅग उतरवायला वाकलं.

"थांबा," मामा नावेतून म्हणाला. "आधी ती बघेल."

मेजर उठली. तिचे तळवे अजून झोंबत होते. तिने वर बघितलं, खाली बघितलं.

"पाणी तिकडून येतं, आणि आपल्या खालून जातं. वारा खिंडीतून येतो, हा खडक त्याला अडवेल." ती थांबली. "आणि शंके, आपल्या आधी इथे कोण झोपलं होतं?"

शंका गुडघ्यांवर बसून गवत चाचपत पुढे सरकली. गवत सरळ उभं होतं. तिने दोन वाळक्या लेंड्या उचलून नाकाशी नेल्या.

"मेंढ्या," ती म्हणाली. "आणि कोरड्या झोपल्या होत्या."

चौदा मोठी माणसं बॅगा पाठीवर घेऊन उभी होती आणि तेरा वर्षांच्या मुलीकडे बघत होती. मेजरने पुन्हा एकदा चारही बाजूंना नजर टाकली, मग मामाकडे बघितलं. मामाने वही मिटली.

"उतरवा," ती म्हणाली.